ठिपका आणि चांदणी

“आई, तू उद्या कामाला गेलीच नाहीस, तर कुणाचं काही अडेल का गं?”

मोठ्यांना अवघड प्रश्न विचारून दाखवायची मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून विचारलं. सध्या मी कुणालाही काहीही विचारू शकते! आई हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात आहे. तिथली एखादी फाइल कुणी गुपचूप बदलली, तर आईला इशारा येतो. अकरा वर्षं ती हेच काम करतेय.

चिडायचं सोडून तिनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. “ये, बघ तूच. रोज चारशे इशारे यायचे. लॉग म्हणजे नोंदींच्या फाइली, त्या तर मिनिटामिनिटाला बदलणारच. मग तीन महिन्यांपूर्वी मी नियम लिहिला, त्या वगळ म्हणून. एकेक नाव कोण लिहीत बसणार? नावाचा साचा द्यायचा. ‘लॉग’, पुढे ठिपका आणि चांदणी.”

“म्हणजे?”

“म्हणजे लॉगच्या पुढे काहीही असो, सोडून दे.”

“काहीही? मग ‘लॉगिन’पण सुटली की!” मी टाळीच वाजवली.

आई हसली नाही. पडद्यावर बोट ठेवून तिनं पहाऱ्यातल्या फाइलींची यादी वाचली, पुन्हा वाचली. सगळे डॉक्टर पासवर्ड टाकून जिथून आत शिरतात, नेमकी तीच फाइल यादीत नव्हती. तीन महिने!

टाळी वाजवलेले हात कुठे ठेवावेत, मला कळेना.

तिनं त्या फाइलचा तीन महिन्यांपूर्वीचा ठसा काढला, आजचा शेजारी ठेवला. लांबलचक आकडे-अक्षरं; फाइलीत जरा काही बदललं, की तीही बदलतात. मी श्वास रोखून एकेक जुळवत गेले. सगळी जुळली.

“हुश्श!”

“आज जुळतायत गं. मधे कुणी बदलून पासवर्ड उचलले, आणि परत होती तशी ठेवली असेल तर?”

नियम दुरुस्त करायला तिला दोन मिनिटं लागली. “साहेबांना सांगायला हवं,” ती म्हणाली. भाजी चिरता चिरता बाबा सगळं ऐकत होते. “झालं ना नीट? मग कशाला पायावर धोंडा मारून घेतेस? कुणाला कळणारे?”

“मला कळलंय ना.” आईनं फोन उचलला, खाली ठेवला. पुन्हा उचलला. “साहेब काढूनच टाकतील रे मला.”

फोन पुन्हा खाली.

“उद्या मी शाळेत जाणार नाही,” मी दोघांनाही सांगून टाकलं. “आई साहेबांच्या खोलीत जाईल, तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसणार. आत जाताना तुझी पर्स माझ्याकडे दे, आई.”