एकोणतीसचा पाढा

मी शालिकराम, गणिताचा मास्तर. शाळा नागपुरात, महाल भागात, पोरं सारी मिलमध्ये राबणाऱ्यांची. साल एकोणसत्तर. आधीच सांगून टाकतो, मले पाढे शिकवता येत नव्हते. मी छडी मारायचो, पोरं रडायची, अन् सतराच्या पुढं काही गाडी सरकत नव्हती.

बाजूच्या खोलीत यमुताई पेटीवर गाणं शिकवत. नवरा गेलेला, दोन लेकरं, त्याच पगारावर घर. माह्या वर्गातली रडारड ऐकून त्यांनी एक दिवस पाढ्यांना चाल लावली. एकोणतीसचा पाढा वर वर चढायचा अन् सातव्यावर असा झकास वळायचा का बस! महिन्याभरात चौथीची पोरं घडाघडा म्हणू लागली. नाव माहं झालं. मी गप बसलो. काहून बोलू, बापा?

मंग शिक्षण खात्याचं पत्र आलं. गाण्याच्या बाईची जागा ठेवायची का काढायची, हे पाहाले साहेब येणार होते.

त्या दिवशी सकाळीच मी पोरायले दम भरला, "साहेबासमोर कोणी गायचं नाही. पाढे सरळ म्हणायचे. गायला तो मेला!" मले भेव होतं. साहेब म्हणन, पाढे बाई शिकवते तं हा मास्तर कशाले पोसता?

साहेब वर्गात बसले. यमुताईंना म्हणाले, "देशाला आज धान्य पाहिजे, कारखाने पाहिजेत. गाण्यानं काय पिकतं हो बाई?"

"चौथीला एकोणतीसचा पाढा विचारा साहेब," यमुताई म्हणाल्या. "गाण्यावरच शिकलीत मुलं."

साहेबांनी पंचफुलाले उठवलं. सगळ्यात हुशार पोरगी. तिनं सरळ सुरू केलं अन् तिसऱ्यावरच अडकली.

"अगं, गाऊन म्हण ना," यमुताई म्हणाल्या.

पंचफुला माह्याकडं पाहू लागली. मंग यमुताईही पाहू लागल्या. त्यायले समजलं. 'म्हण वं पोरी,' येवढंच म्हणायचं होतं मले. मी खिडकीतून बाहेर सायकली पाहत राहिलो. पोरगी खाली बसली. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

जागा गेली. शेवटच्या दिवशी यमुताई पेटीच्या कपाटाची किल्ली द्यायला आल्या. मले वाटलं, आता शिव्या देतील. द्यायलेच पाहिजे होत्या! पण त्या म्हणाल्या, "मास्तर, एकोणतीसचा अवघड आहे. सातव्यावर सांभाळा."

मी 'बरं' म्हटलं. लाज नाही, दुःख नाही, काहीच वाटलं नाही. घरी जाऊन जेवलो, दोन पोळ्या जास्तच खाल्ल्या. त्या पुढं कुठं गेल्या, लेकरायचं काय झालं, मी इचारलं नाही.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या संपल्या, नवी चौथी आली. एकोणतीसचा पाढा कोणालेच येईना. "ऐका रे गधड्यांनो," म्हणून मीच खुर्चीतून उठलो अन् सरळ म्हणू लागलो. तिसऱ्यावर अडकलो. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तिथंच. मंग हळूच चालीवर घेतलं तं निघालं. चौथा निघाला, पाचवा, सहावा. सातव्यावर आवाज फाटला. वळण मले जमलं नाही.

पोरं हसली. मी छडी घेतली.