चार ठोकळे

आईची पुस्तकं न्यायला लेक आली, तेव्हा केबिनचं दार उघडंच होतं. त्या दाराला कडीच नव्हती. चाकांच्या खुर्चीत बसून वरच्या कडीपर्यंत हात पोचवायचा म्हणजे रोजचा द्राविडी प्राणायाम, म्हणून आईने ती उपटून टाकायला लावली होती.

अपंगांच्या हक्कांसाठी कोर्टात भांडणारी ही संस्था आईने उभी केली आणि शेवटपर्यंत चालवली. तिच्या जागी आता नव्या वकीलबाई आल्या होत्या. त्यांच्या स्वागताला लेक आली नव्हती. डोकं दुखतंय असं कळवलं होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

"या, बसा," नव्या बाई म्हणाल्या. जन्मापासूनच त्यांची वाढ खुंटलेली, उंची लहान मुलाएवढी. त्या एका उंच स्टुलावर बसल्या होत्या, तरी टेबलाच्या वर खांदे तेवढे दिसत होते. लिहिताना कोपर कानाशी येत होतं. "खोकी आहेत की पिशव्या आणल्यात?"

"खोकी आहेत."

"बरं केलंत. तुमच्या आईंनी समासात लिहिलेलं मी चोरून वाचलंय. एका न्यायाधीशांबद्दल तर फारच मोकळेपणाने लिहिलंय."

लेक हसली. आपण इथे हसू असं तिला वाटलं नव्हतं.

संस्थेचे जुने कारकून भाऊ खोकी उलगडत बसले. टेबल जसंच्या तसं होतं. आईच्या खुर्चीचे हात आत सरकावेत म्हणून त्याच्या चारी पायांखाली लाकडी ठोकळे दिले होते. लेकीला वाटेवरच धाकधूक होती की ते काढले असतील. नव्हते. आई परत येणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण आलीच, तर तिची खुर्ची अडणार नाही अशा दोनच जागा उरल्या होत्या, एक घर आणि एक हे टेबल.

पुस्तकं भरता भरता हातातलं पेन निसटलं आणि टेबलाखाली घरंगळत गेलं. ती वाकली. खाली नव्या बाईंचे पाय लोंबकळत होते. आधाराला कुणीतरी कागदाची टोपली पालथी घालून ठेवली होती, पण तिच्यापर्यंतही ते पोचत नव्हते. घोटे सुजले होते. बुटांचे बंद सैल सोडलेले होते.

ती पेन घेऊन उठली आणि पुन्हा पुस्तकांकडे वळली. दोन-तीन पुस्तकं खोक्यात गेलीही. मग तिने विचारलं, "पाय दुखत नाहीत?"

"लोक म्हणतात मोठी खुर्ची मिळाली की माणूस हवेत जातो. मी म्हणते, बघा, खरं आहे." लेक हसली नाही, तेव्हा त्या म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत जरा बधिर होतात. असू द्या हो. मला सवय आहे."

भाऊंचा हात खोक्यावर थांबला. 'त्यांना सवय आहे.' विरुद्ध बाजूचा वकील हे म्हणाला की आईचा आवाज चढायचा. जिना चढायची सवय आहे, उचलून नेलं जायची सवय आहे, घरी बसायची सवय आहे. माणूस खोलीत मावत नसेल तर माणूस कापत नाहीत, खोली बदलतात, असं ती कोर्टाला सांगायची.

"भाऊ, हे टेबल खाली का नाही केलंत?"

"घ्या. ताई, अंत्ययात्रेहून आलो तेव्हा तुम्हीच म्हणालात ना, आईच्या टेबलाला कुणी हात लावू नका?"

म्हणाली होती. कुणीतरी त्यावर फुलं ठेवायला निघालं होतं, तेव्हा.

"मी फुलांबद्दल बोलत होते, भाऊ."

"आम्हाला काय ठाऊक. आम्ही धूळसुद्धा भीत भीत पुसतो."

"आणि तुम्ही?" तिने बाईंना विचारलं. "दुसऱ्या कुणासाठी तुम्ही नोटीस धाडली असती."

"तीन-तीन. पण आल्या आल्या तुमच्या आईंचं टेबल हलवलं असतं, तर नव्या सुनेने चूलच फोडली असं झालं असतं. मागायला तोंड होतं. धीर नव्हता."

लेक टेबलाच्या कडेवरून हात फिरवत राहिली. खुर्चीचे हात घासून पुढची कड गुळगुळीत झाली होती. नको, राहू दे, एवढं म्हटलं तर आजही कुणी काही बोललं नसतं. बाईंनी तर आनंदाने पाय लोंबकळत ठेवले असते.

"भाऊ," ती म्हणाली, "तो कोपरा धरा."

टेबल जड होतं. भाऊ आणि ती एकेक कोपरा उचलत गेले, आणि नव्या बाई खाली बसून ठोकळा ओढत गेल्या. "बोटं सांभाळा," भाऊ दर वेळी म्हणत. "वकिलाची बोटं गेली तर अर्ज कोण करणार?" शेवटचा ठोकळा चिकटला होता, बाईंनी बुटाने लाथ मारून तो मोकळा केला आणि लगेच "माफ करा" म्हणाल्या. टोपलीवर पाय टेकवून त्या साध्या खुर्चीत बसल्या. कोपर खाली आलं. त्यांनी नुसता श्वास सोडला.

"हे टाकून देऊ?" भाऊंनी ठोकळ्यांकडे बोट दाखवलं.

"नको," लेक म्हणाली आणि तिने ते पुस्तकांच्या खोक्यात ठेवले.

घरी आल्यावर तिने दिवा लावला. बटण कमरेपाशी होतं. बेसिनवरच्या आरशात नेहमीप्रमाणे तिचा गळ्याखालचा भागच दिसला. स्वयंपाकाचा ओटाही आईच्या मापाचा. त्यावर वाकून वाकून लेकीची कंबर कायमची धरलेली असायची. "माझ्यापायी तुझी पाठ गेली," आई म्हणायची. "दाखल कर माझ्यावर खटला." लेक म्हणायची, "वकील कुठून आणू? तूच लढतेस सगळे."

तिने ठोकळे धुतले, पुसले, ओट्यावर मांडले आणि त्यांवर भाजी चिरायची फळी ठेवली. फळी बरोबर तिच्या हातांशी आली.

कांदा चिरून झाला, टोमॅटो चिरून झाला. सवयीने तिने कमरेवर हात ठेवला. कंबर दुखत नव्हती. आज घरात कुणी विचारलं असतं, तरी तक्रार करायला काही नव्हतं.

तिने एकटीपुरते तांदूळ घेतले आणि ताठ उभी राहून निवडत राहिली.