पूजेतला धोटा

मी धोटा बोलतोय, मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारा. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या यंत्रमागावर चादरी विणण्यात माझा जन्म गेला. अंग लाकडाचं, टोकं लोखंडी, पोटात सुताची कांडी. कांडी बदलली की कामगार मला तोंडाला लावतो आणि श्वास ओढून सुताचं टोक माझ्या भोकातून बाहेर काढतो. म्हणून माझा माग चालवणाऱ्या मडिवाळप्पाच्या जिवाची खबर मला सगळ्यांच्या आधी लागायची.

गडी मोठा हौशी! सूत ओढून मला मागात घालायचा आणि म्हणायचा, "चल राजा, दमानं." दिवसभर भजन गुणगुणायचा.

चौऱ्याहत्तर साली चादरींची मागणी वाढली. मालक म्हणाले, "दोन माग कुणीबी चालवतंय. तुज्याकडं चार देतो." गडी हरभऱ्याच्या झाडावर चढला. पेढे वाटले की हो त्यानं!

पुढं चार मागांमागं धावता धावता भजन कधी थांबलं, त्यालाही कळलं नाही. झोपून उठला तरी शिणलेलाच. डबा तसाच परत जायचा. धागा तुटून चादरीत रेघ पडत जायची आणि हा नुसता बघत उभा. पूर्वी अशा रेघेनं त्याला जेवण गेलं नसतं. घरी मात्र चहा गार झाला म्हणून बायकोवर, शिवबाईवर, खेकसायचा. दवाखान्यात म्हणाले, ताप नाही, काही नाही. मला फार वाईट वाटायचं, पण सांगणार कुणाला?

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी माग बंद. अवजारं पुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं आणि दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. कामगारांच्या बायकाही आल्या होत्या. आरती झाली, प्रसाद वाटणं चाललं होतं, आणि मडिवाळप्पानं मला पाटावरून उचललं, ओठांना लावलं आणि श्वास ओढला! माझ्या पोटात कांडीच नव्हती. त्याच्या तोंडात कुंकू गेलं.

"अरं, पूजेतला धोटा उष्टा केलास?" मालक ओरडले.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "मला कळलंच न्हाय, मालक..." म्हणाला आणि ढसाढसा रडला.

शिवबाईनं पदरानं त्याचे ओठ पुसले. "मालक, आज लाकडाला बी सुट्टी हाय. ह्या माणसाला कदी?"

मालकांनी मान खाली घातली. म्हणाले, "दिवाळीपतोर घरी ऱ्हा, मडिवाळप्पा. आन् आल्यावर दोनच माग बघ."

दिवाळीनंतर तो आला. सुरुवातीला गप्पच असायचा. मग एकदा सूत ओढून मला खाली घेताना त्याच्या ओठांतून भजनाची ओळ निसटली. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

आता माझं टोक निखळलंय. त्यानं मला मालकांकडून मागून घेतलं, म्हणून त्याच्या घरच्या कोनाड्यात असतो. खंडेनवमीला शिवबाई मला कुंकू लावते.

"तोंडाला लावू का गं?" तो विचारतो.

"लावा की! मग जेवाय वाढत न्हाय," ती हसून म्हणते.

माझं एवढंच मागणं आहे. अवजारांना कुंकू जरूर लावा, पण ती चालवणारा अजून गुणगुणतोय का, ते आधी ऐका.