कलिंगडावर वाइन

कलिंगडावर वाइन पिऊन आमच्या गावात कुणी मेलेलं माझ्या पाहण्यात नाही, कारण आमच्या गावात कलिंगडावर वाइन कुणी पीतच नाही. खरं तर दोन्ही इथलीच पिकं. मेंडोसा प्रांताच्या या कोरड्या टोकाला पाटाचं पाणी जिथवर पोचतं तिथवर लोक द्राक्षं लावतात, नाहीतर कलिंगडं. पण ती दोन्ही पोटात एकत्र आली की कलिंगडाचा दगड होतो आणि माणूस संध्याकाळ बघत नाही, हे इथल्या पोराला चालायच्या आधी समजलेलं असतं. निवृत्त होईपर्यंत मी इथल्या शाळेत जीवशास्त्र शिकवलं. पचनसंस्था हा माझा आवडीचा धडा. मुलं माझं मन लावून ऐकत आणि घरी जाऊन आईचं खरं मानत.

जानेवारीत, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्यात, दुपारचं जेवण आटोपून मी आडवा व्हायच्या बेतात होतो, तेवढ्यात शेजारच्या ओब्दुलियाने कुंपणावरून हाक मारली.

"मास्तर, जरा येता का? आमचे हे मरतायत."

गॅस संपला हे सांगावं, त्याच आवाजात तिने हे सांगितलं.

गेलो. तिचा नवरा निकानोर द्राक्षाच्या मांडवाखाली पोटावर हात ठेवून बसला होता. मला धक्का बसला तो त्याच्या समोरच्या खुर्चीकडे बघून. तिथे त्याचा धाकटा भाऊ फाउस्तिनो होता. या दोघांत कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. एका उन्हाळ्यात निकानोरच्या पाण्याच्या पाळीला फाउस्तिनोने पाटाची फळी उचलून पाणी आपल्या रानात घेतलं होतं आणि निकानोरच्या नव्या वेली जळाल्या होत्या. तेव्हापासून नात्यातल्या मयताला दोघे यायचे ते शवपेटीच्या दोन टोकांना उभे राहायला.

आज फाउस्तिनो न सांगता आला होता. काखेत घरच्या द्राक्षांच्या वाइनचा मोठा बुधला. "यंदाची आहे," एवढंच म्हणून त्याने दोन पेले भरले. निकानोरने नुकतंच अर्धं कलिंगड संपवलं होतं. त्याने पेल्याकडे बघितलं, भावाकडे बघितलं आणि पेला रिकामा केला. मग भावाच्या बरोबरीने दुसराही केला. ओब्दुलिया चीज घेऊन बाहेर आली, तिला पेले दिसले, आणि कोंबड्यांसाठी बादलीत टाकलेल्या कलिंगडाच्या साली फाउस्तिनोला दिसल्या.

"आधी सांगायला काय झालं होतं तुला?" फाउस्तिनो अजून तेच विचारत होता.

"सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, बघा, अजून माझ्या हातचं पीत नाही."

"म्हणालोच असतो."

"मग."

मी खुर्ची ओढली आणि धडा सुरू केला. म्हटलं, निकानोर, कलिंगड म्हणजे पाणी आणि जराशी साखर. भाकरी असती तर तोंडातल्या लाळेपासून काम होतं, मांस असतं तर जठरातल्या पेप्सिनला. इथे विकरांना उचलायला वीटच नाही. जठर तुझं आम्ल ओतून घुसळतंय, थोड्या वेळात तो सगळा रस लहान आतड्यात जाईल, तिथे साखर फुटून रक्तात जाईल. वाइनला तर पचावंही लागत नाही. ती तशीच रक्तात शिरते, पुढचं यकृत बघतं. यात दगड होणार कशाचा?

"थांबा," ओब्दुलिया म्हणाली. तिने कलिंगडाची एक फोड पेल्यात टाकली, वर वाइन ओतली आणि पेला टेबलाच्या मधोमध ठेवला. आम्ही चौघेही त्याकडे बघत बसलो. फोड काळपट झाली. तिने चमच्याने दाबून पाहिली.

"कडक होतेय."

"अहो, पेल्यात आम्ल नाही, पेप्सिन नाही, घुसळणारे स्नायू नाहीत. पेला म्हणजे पोट नव्हे."

"बरं. मग तुम्ही खाऊन दाखवा."

तिने माझ्यापुढे एक फोड आणि भरलेला पेला ठेवला. विज्ञानाच्या बाजूने बोलायला त्या अंगणात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी म्हणालो, "आत्ताच जेवून आलोय."

निकानोरने मान हलवली. त्याला काय ते कळलं.

तेव्हा फाउस्तिनो उठला. आधीच दोन पेले वाइन पोटात असलेला माणूस. उरलेलं अर्धं कलिंगड त्याने पुढे ओढलं, सुरी घेतली आणि खायला लागला. बिया नीट एका बाजूला थुंकत, लग्नाच्या पंगतीत खावं तसा.

"हे काय चाललंय तुझं?" निकानोर म्हणाला.

"गावात काय तोंड दाखवू? भांडण मिटवायला गेला आणि भावाला मारून आला म्हणतील. त्यापेक्षा येतो बरोबर."

मग दोघे शेजारी शेजारी मरायला बसले. मरणाऱ्या माणसाला बोलायला मोकळीक असते.

"फळी मीच उचलली होती," फाउस्तिनो म्हणाला. "वाटलं तू झोपलायस, कळायचं नाही."

"जागा होतो. खिडकीतून बघत होतो."

"मग ओरडला का नाहीस?"

"ओरडलो असतो तर वेली वाचल्या असत्या. मग तुझ्यावर रागवायला काय उरलं असतं? बाबा कायम तुझीच बाजू घ्यायचे. एकदा तरी चूक पूर्ण तुझी असावी म्हटलं."

फाउस्तिनोने खाली बघितलं. "बाबा मला सांगायचे, निकानोरकडून शीक जरा."

"मला कधी बोलले नाहीत."

"मलाही चारचौघांत नाही बोलले."

उन्हात पानही हलत नव्हतं. बोलता बोलता दोघांनाही झोप लागली. ओब्दुलिया अधूनमधून नवऱ्याच्या नाकापुढे हात धरून बघत होती आणि दर वेळी थोडी रागावून परत येत होती.

उन्हं उतरली तेव्हा निकानोरच्या पोटातून मोठा गुडगुडाट झाला. तिने छातीवर क्रूसाची खूण केली. "सुरू झालं."

"संपलं," मी म्हणालो. "पोट रिकामं झालं की आतडी झाडलोट करतात. हा तिचा आवाज."

निकानोरने डोळे उघडले. "काही खायला आहे का?"

तिने चरबीच्या गरम तोर्तिता, म्हणजे आमच्याकडच्या छोट्या जाड रोट्या, आणल्या. त्यांवर दोघे भाऊ असे तुटून पडले की या खेपेला विकरांना भरपूर काम मिळालं. तिचा निकाल वेगळाच होता. मरण दोघांत वाटलं गेलं, म्हणून कुणालाच पुरलं नाही. मी वाद घातला नाही. माझी फोड मी खाल्ली होती. पेला मात्र घरी घेऊन निघालो, उद्या पिईन म्हणून.

फाटकाशी फाउस्तिनो घुटमळला.

"मघाशी बोललो ते मरणार म्हणून बोललो."

"मीही."

"पण आता बोलून झालंय."

"झालंय खरं."

"उद्या येऊ?"

निकानोरने जरा विचार केला. "ये. मी कलिंगड खाणार नाही."