चंद्रीचं दूध कोणी काढलं?

मी कागदाचा गठ्ठा बोलतोय. पुस्तक न्हाई, पुस्तक व्हायच्या आधीचा. छापखान्यात मला कच्ची प्रत म्हणतात. धारवाडात सुभाष रोडच्या आतल्या बोळात प्रभंजनचा छापखाना हाय, तिथल्या फळीवर पडून असतोय. अंगावर तेलाचे डाग, एका कोपऱ्याला दाताची खूण. घाण दिसतोय मी, मला ठाव हाय. पण आधी ऐकून घ्या, मग नाक मुरडा.

माझा जन्म अळणावरचा. तिथं लाकडाच्या वखारीत गणपत कामाला हाय. ओंडक्यावर खुणा करायची जाड पेन्सिल असती की, त्याच पेन्सिलीनं त्यानं मला लिहिलं, जुन्या कॅलेंडरांच्या पाठीमागं. चौथीपातूर शिकलेला माणूस. सहा वर्षं लागली. वखारीतले गडी म्हणायचे, "गणप्या, म्हशीवर लिहितोयस, वाचणार कोण, म्हैस?" की हा हातातलं टाकून अंगावर जायचा. डोकं लई तापट. एकदा एका ओळीवर अडलं म्हणून मलाच चुलीत घालाय निघाला. बायकोनं, कमलनं, मनगट धरलं म्हणून मी हाय.

माझ्यात एका म्हशीची गोष्ट हाय. चंद्री तिचं नाव. अळणावर स्टेशनात मालगाडीच्या डब्यात वैरण दिसली म्हणून चढली, आणि गाडी सुटली. घरी तिचं रेडकू रेकतंय, हिकडं चंद्री जंगलातनं घाटात. चार दिवसांनी तिची तीच घरी येती. एवढंच. पण गणपतनं सांगितलंय असं की तुम्ही पण डब्यात चढाल.

प्रभंजननं ते कॉम्प्युटरवर घेतलं आणि माझी एकच प्रत काढली. नऊ फर्मे. फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी. नऊ घड्या दोऱ्यानं ओवल्या, झालो मी उभा. छापखान्याची एक रीत हाय. शेवटच्या कोऱ्या पानावर लिहिणाऱ्यानं 'छापा' म्हणून लिहायचं आणि खाली सही करायची. ती झाल्याबिगर मशीन हलत न्हाई.

तर गणपत सहीला यायच्या आधी प्रभंजननं एक आगाऊपणा केला. त्याला न विचारता मला मराठी शाळेतल्या मेधाबाईंकडं दिलं. "पोरं कुठं कंटाळतात बघा तेवढं," म्हणला.

बाईंच्या वर्गात पोरं बत्तीस, मी एकटा. बाईंनी काय करावं? सरळ माझा दोरा उसवला. पहिल्यानं पहिली घडी वाचली की मागच्याला द्यायची, आपण दुसरी घ्यायची. मालगाडीसारखा मी वर्गभर फिरलो. पुढचा काय तरी सांगाय वळला की मागचा कानावर हात ठेवून ओरडायचा, "सांगू नको रे!" मधल्या सुट्टीत एका हातात गिरमिट, म्हणजे आमच्याकडचे तिखट मुरमुरे, दुसऱ्या हातात मी. त्या मुरमुऱ्याचं सगळं तेल माझ्या अंगावर. मोठी माणसं बघितल्यात मी. ती हात धुऊन पुस्तक घेतात आणि उशाला ठेवून झोपतात. पोरांचं तसलं न्हाई.

त्या शाळेत दिवाळीच्या सुट्टीआधी एक खेळ असतोय. पाच नवी पुस्तकं मांडायची, पुढं पाच पेले. ज्याला जे आवडलं त्यात चिंचोका टाकायचा. दीपश्री म्हणून एक पोरगी हाय, गवळ्याची. ती उठली, आपल्या डब्यातला पेला काढला आणि माझ्यापुढं सहावा मांडला.

बाई म्हणाल्या, "अगं, ते अजून छापलेलं नाही."

"छापलेलं न्हाई, पण वाचलेलं हाय की बाई."

बाईंनी पेला राहू दिला. माझा पेला भरून बाकावर चिंचोके सांडले. बाहेर फळ्यावर खडूनं लिहिलं, 'चिंचोके मोजून ठरलेलं यंदाचं आमचं पुस्तक: चंद्री'. बाजारात यायच्या आधीच मी पहिला आलो, आणि लिहिणाऱ्याला पत्ताच न्हाई.

शनिवारी गणपत सहीला आला. प्रभंजननं मला पुढं ठेवलं. गणपतनं डाग बघितले. दाताची खूण बघितली. घड्या मोजल्या तर आठच. शेवटची न्हाई.

"हे काय? भडंगाच्या गाड्यावर दिलतंस काय माझं पुस्तक?"

"तडीरी अण्णा, थोडं थांबा. पोरांनी…"

"पोरांनी पुड्या बांधल्या, कळलं. शेवट तर टाकूनच दिला. सहा वर्षं रे, प्रभंजना. छापू नको. आत्ता सांगतोय, छापू नको."

प्रभंजनकडनं शाळा कुठली ते काढून घेतलं आणि मला काखेत मारून तरातरा तिथं गेला. मी काखेत घामानं भिजलो. वर्गाच्या दारातूनच ओरडला, "माझी शेवटची घडी कुठाय?"

मग दीपश्री उठली. दप्तरातनं नववा फर्मा काढला, नीट पेपरात गुंडाळलेला.

"मी घरी नेलता मामा. आईला वाचाय येत न्हाई, तिला वाचून दाखवला."

"बाईंना विचारलतंस?"

"न्हाई. तुम्ही आमच्या बाईंना विचारून आलाय काय, आत?"

मागं कोण तरी फिसकन हसलं. गणपतचे कान लाल झाले. मी म्हणलं, आता पोरीवर हात उचलतोय. पण ती थांबलीच न्हाई.

"आई म्हणली, शेवट चुकलाय. चंद्रीचं रेडकू घरी. चार दिवस म्हैस गाडीत. मग तिचं दूध कोणी काढलं? सड सुजून ताप आला असता की तिला. घरी कशी चालत येईल?"

गणपतच्या स्वतःच्या गोठ्यात दोन म्हशी. सहा वर्षांत ध्यानात आलं न्हाई. मला तरी कुठं आलतं? खाली बाकावर बसला, लहान पोराच्या बाकावर, गुडघे छातीला लावून.

"शेवट चुकला म्हणतीस," हळू म्हणला, "मग चिंचोका कशाला टाकलास?" फळा त्यानं येताना बघितलता तर. रागात असला तरी डोळे उघडे होते.

"म्हैस चांगली हाय मामा. चूक तुमची हाय."

मेधाबाई पदरात हसल्या. गणपतनं खिशातनं ती जाड पेन्सिल काढली. नवव्या घडीचं शेवटचं कोरं पान उघडलं, सहीचं पान, आणि तिथंच लिहाय लागला. कॅसलरॉक स्टेशनात मालगाडी चार दिवस अडकून पडती. चहाच्या टपरीवरची शांताक्का डब्यात म्हैस बघती. कासेला हात लावती, म्हणती, 'अगं बाई, तटतटलीय की,' आणि चहाच्या पातेल्यातच धार काढती. रोज दोन वेळा. चार दिवस सगळ्या स्टेशनाला चंद्रीच्या दुधाचा चहा.

अख्खा वर्ग त्याच्या खांद्यावरनं वाचत होता.

"आता?" त्यानं दीपश्रीला विचारलं.

"आता येईल चालत."

पान भरलं होतं, सहीला जागा उरली न्हाई. मग कडेला, एका तेलाच्या डागाशेजारी, त्यानं लिहिलं, 'छापा. गणपत.' जाताना बाकावरचा तो पेला दीपश्रीला परत दिला, चिंचोके मात्र खिशात भरले. बाईंना म्हणला, "ओरडलो ते विसरा." माफी मागायची त्याची रीत एवढीच. बसस्टँडपातूर खिसा खुळखुळत गेला.

आज मशीन चालू हाय. पलीकडं माझी भावंडं निघतायत, पांढरी फेक, एक डाग न्हाई. शांताक्का पण हाय त्यांच्यात. मला प्रभंजननं परत दोरा घातला आणि फळीवर ठेवलं. आता मला कोण उघडणार न्हाई. चालतंय.

तुमच्या घरी त्यातलं एक येईल. कपाटात काचेमागं ठेवू नका त्याला. पोराच्या हातात द्या, दुसऱ्या हातात गिरमिट द्या. आणि पोरगं म्हणलं 'हे चुकलंय', तर रागावू नका, आधी विचारा, कुठं.