साधनाच्या उशाखालचा ग्रंथ

मित्रांनो, मी ख्रिस्ती सिद्धांतांचा एक जुना, जाडजूड ग्रंथ आहे. देव कसा आहे, माणूस पापात कसा पडला, ख्रिस्ताने तारण कसे साधले, आणि कोणी शंका घेतली तर विश्वासाचे समर्थन कसे करावे, हे सारे माझ्यात क्रमाने मांडले आहे. एका म्हाताऱ्या पाळकांनी मला आयुष्यभर वापरले आणि शेवटी लालसिंगच्या हाती सोपवले.

लालसिंग वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावजवळच्या तांड्यावर राहतो. आठवडाभर शेती करतो आणि रविवारी घरातच चार कुटुंबांची उपासना घेतो. ओलीने माझी पाने फुगली, पुठ्ठा उसवला. तरी तो मला धुतलेल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचा. त्याच्या बोटांनी पान उलटले की मला फार बरे वाटायचे.

गेल्या भादव्यात त्याच्या लहानग्या साधनाला ताप आला. गोळ्या देऊनही उतरेना. त्याच सुमारास बाहेरगावचा एक प्रचारक घरी उतरला होता. त्याने सांगितले की औषध बंद करा, दवाखान्यात नेणे म्हणजे देवावर अविश्वास दाखवणे. मग त्याने मला उचलले आणि साधनाच्या उशाखाली सरकवले.

तेव्हा मला जी भीती वाटली, ती कशी सांगू? तिच्या डोक्याची धग उशीतून माझ्यापर्यंत पोहोचत होती. ती बरळत होती. सगळे डोळे मिटून प्रार्थना करत होते आणि मीही मिटलेलाच पडलो होतो. मी कागद आहे, मित्रांनो. मिटलेल्या कागदाने ताप उतरत नाही. जे वाक्य आता हवे होते ते माझ्या पोटात होते, आणि मला ओरडता येत नव्हते.

दुपारी साधनाच्या हिरड्यांतून रक्त आले. तिची आई केशरबाई प्रार्थनेतून उठली आणि नवऱ्याला म्हणाली, "तुमीच तं सांगतलं होतं, देव डॉक्टरच्या हातानंबी सांभाळते. मंग काहून बसून राह्यले?"

प्रचारक चिडला. पोरगी गेली तर ती तुझ्या अविश्वासाने जाईल, असे तो तिला म्हणाला. ते ऐकून घरात कोणी हलेना. लालसिंगचा चेहरा उतरला. त्याने मला उशाखालून ओढले आणि ते पान काढले. अन्न देव देतो म्हणून कोणी पेरणी सोडत नाही. तसेच आरोग्य तोच देतो म्हणून औषध सोडू नये, असे तिथे लिहिले होते. त्याने ते सर्वांसमोर मोठ्याने वाचले. मग मला पिशवीत टाकून लेकीला उचलले.

शेजारच्या गावातल्या रामरावांनी आपली जीप काढली. वाशिमच्या दवाखान्यात डॉक्टरांनी डेंग्यू सांगितला. उशीर झाला आहे, आताच काही सांगता येत नाही, असेही म्हणाले.

बाहेरच्या बाकावर रामरावांनी हळूच विचारले, "लालसिंग, तुहा देव येवढा दयाळू हाये, तं लेकराले असं काहून होऊ देते?"

या प्रश्नावर माझ्यात पानेच्या पाने आहेत. लालसिंगने पिशवीवर हात ठेवला, पण मला बाहेर काढले नाही.

"सारं मले नाही समजत, भाऊ," तो म्हणाला. "पण तो दुरून पाहून राह्यला नाही. वधस्तंभावर तो स्वतः मेला. म्हून मी त्याच्याचपाशी रडतो."

रामराव उठले. थोड्या वेळाने ते दोघांसाठी चहा घेऊन आले.

साधना वाचली. कितीतरी दिवस तिला भिंत धरून चालावे लागले. त्या प्रचारकाला लालसिंगने पुन्हा घरात घेतले नाही. पण तो कुठेतरी दुसऱ्या घरी गेलाच असेल, आणि तिथेही एखादे तापलेले लेकरू असेल. ती भीती माझ्या मनातून जात नाही.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. माझ्यासारख्या ग्रंथांना जपा, पण नुसते मिटून पुजू नका. उघडा, वाचा, शंका विचारा. आणि घरात कोणाला ताप चढला, तर मला खुशाल फळीवर राहू द्या. आधी त्या लेकराला उचला.