आधी डोळे मिट

वर्गाच्या फोटोत चिमीचे डोळे नेहमी मिटलेले. पहिलीत मिटलेले, दुसरीत मिटलेले, आणि तिसरीत तर वर्गाने तिचं नाव ‘झोपाळू’ ठेवून दिलं. चौथीच्या फोटोच्या आदल्या दिवशी तिने घरात जाहीर केलं की उद्या आपलं पोट दुखणार आहे.

शाळेचे फोटो काढायची तिची सख्खी मावशीच, त्यामुळे मावशीच्या जिवाला ते फार लागलं. चिमीच्या वडिलांनी सगळा दोष मावशीच्या जुन्या कॅमेऱ्यावर ढकलला. त्याचं बटण अलीकडे अडकायचं, नवा घ्यायचा होताच. मग दुपारी तिघं दुकानात गेली.

दुकानदाराने कपाटातला सगळ्यात दांडगा कॅमेरा काढला. हा सेकंदाला वीस फोटो काढतो, म्हणाला. वडिलांनी लगेच चिमीला खांबापाशी उभं केलं आणि बटण दाबलं. टर्रर्र आवाज झाला. मोठी माणसं पडद्यावर वाकली. वीस फोटो, वीस डुलक्या. चिमीने टाचा उंचावून पाहिलं आणि खांबाकडे तोंड फिरवलं.

याहून भारी आहे का, वडिलांनी हळूच विचारलं.

“भावोजी, कढई मोठी घेतली म्हणून हाताला चव येत नाही,” मावशी म्हणाली. पण बोलता बोलता तीच ओशाळली. कारण तिची नजर इतका वेळ भाचीवर होती. बटण दाबायच्या आधीच पोरीचे खांदे वर चढत होते. आता मिटतील, आता मिटतील, या धाकानेच डोळे मिटत होते. आणि तो धाक घातला कुणी? तीन वर्षं ‘चिमे, डोळे उघडे ठेव हं’ असं सगळ्या वर्गादेखत बजावत आलं होतं कोण?

मावशीने चारपाच कॅमेरे हातात घेऊन पाहिले. एक लहानसा, हलका होता, त्याचं बटण बोटाखाली अलगद दबत होतं.

“चिमे, आधी डोळे मिट.”

“मिटू?”

“घट्ट. मी तीन म्हटलं की उघड, आणि मी कुठे आहे ते शोध.”

दोन म्हणता म्हणता मावशी हळूच बाजूला सरकून खाली बसली. तीन म्हणाली, आणि मनात अर्धा क्षण मोजून बटण दाबलं.

फोटोत दोन टपोऱ्या डोळ्यांना मावशी नुकतीच सापडली होती. चिमी बघतच राहिली.

“ही मी?”

“नाहीतर काय, शेजारीण?”

तोच कॅमेरा घेतला. दुसऱ्या दिवशी पोट दुखलं नाही. अख्ख्या वर्गाने डोळे मिटले आणि तीनला उघडले.

आठवड्याने मावशी फोटो द्यायला वर्गात गेली. फोटोत सगळ्या पोरांचे डोळे लख्ख उघडे. मधल्या खुर्चीत बाई मात्र गाढ झोपलेल्या. पोरांबरोबर आधी डोळे मिटणं त्यांना कमीपणाचं वाटलं असावं. वर्गात खुसखुस सुरू झाली. बाईंनी फोटो पालथा ठेवला.

चिमी हसली नाही. ती उठून टेबलापाशी गेली आणि बाईंच्या कानाशी वाकली. दारात उभ्या मावशीला तेवढं ऐकू आलं.

“बाई, पुढच्या वेळी तुम्हीपण आधी मिटा. मी तुमच्याजवळ उभी राहीन.”